लघुग्रहावरून माती आणणारं यान : पाय लावावेत की नाही? (फायनल इयर प्रोजेक्ट)

सांगलीचा_मेक

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट म्हणून लघुग्रहावर जाऊन तिथली माती परत आणणाऱ्या यानाचं डिझाईन घेतलंय, म्हणजे बनवायचं नाही, कागदावर आणि कॅडमधेच, फक्त माती उचलणाऱ्या भागाचं एक छोटं चालतं मॉडेल करायचंय. गाईड सरांनी विषय मान्य केलाय पण एक अट घातलीय, प्रत्येक पार्ट "असाच का" याचं उत्तर आकड्यांत द्यायचं, नुसतं भारी दिसतं म्हणून काही लावायचं नाही.

आत्तापर्यंत जे ठरलंय ते असं, लघुग्रह बेन्नूसारखा ५०० मीटरच्या आसपासचा, यान साधारण १००० किलोचं, चार पाय, प्रत्येक पायाला खाली स्क्रू, उतरलं की मोटर फिरून स्क्रू जमिनीत जाणार, यान घट्ट बसणार, मग मधून ड्रिल खाली जाऊन दोन फुटांवरून माती काढणार, ती कॅप्सूलमधे भरायची आणि परत निघायचं. ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणते पाय काढून टाका, बाकीचे म्हणतात पाय नाहीत तर उतरणार कशावर. दोन मीटिंगा यातच गेल्या. नासाच्या आणि जपानच्या यानांना पाय नव्हते हे वाचलंय पण ते पैसे वाचवायला की दुसरं काही कारण आहे ते नीट कळत नाहीये. जाणकारांनी प्लीज सांगा, आणि मॉडेल कशाचं करावं तेही.

तारामंडळ_ठाणे

आधी एक छोटं गणित करून बघा, मग पायांचं आपोआप ठरेल. बेन्नूवरचं गुरुत्व पृथ्वीच्या एक लाखाव्या भागापेक्षाही कमी आहे. तुमचं १००० किलोचं यान तिथं काट्यावर ठेवलं तर काटा आठ-नऊ ग्रॅम दाखवेल. आता त्या स्क्रूला जमिनीत शिरायला वरून दाब लागणार, समजा फक्त एक किलोचा म्हणजे १० न्यूटनचा दाब दिला, तर तेवढाच जोर यानाला वर ढकलणार, १००० किलोला १० न्यूटन म्हणजे दर सेकंदाला १ सेंटीमीटर/सेकंदाने वेग वाढत जाणार. वीस सेकंदांत २० सेंमी/सेकंद झाला, आणि बेन्नूचा मुक्तिवेग साधारण तेवढाच आहे. म्हणजे स्क्रू आत जायच्या आधी यानच कायमचं निघून जाईल. हे एवढं गणित रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाका.

कृत्तिका

ठाणेकरांनी मुद्द्याचं सांगितलं, मी त्यात भर घालते, जरा लांबेल. मी उपग्रहांच्या कंट्रोल सिस्टीमवर काम करते, लघुग्रहाच्या मोहिमेवर नाही, पण ओसायरिस-रेक्सचे, म्हणजे बेन्नूवरून माती आणणाऱ्या नासाच्या यानाचे, पेपर अनेक वर्षं आवडीने वाचत आलेय.

पाय पैसे वाचवायला काढलेले नाहीत. पाय लावायचे म्हणजे तुम्ही आधीच गृहीत धरलंत की खाली जमीन आहे, ती वजन पेलेल, ती सपाट आहे. लघुग्रहाचं डिझाईन करताना हे तीनही गृहीत धरता येत नाही आणि माझ्या मते सगळ्या यानाची रचना इथूनच सुरू होते, की जिथे जायचंय ती जागा कशी आहे हे यान तयार होऊन रॉकेटवर चढेपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

बेन्नूचंच घ्या. १९९९ आणि २००५ मधे रडारने त्याचा आकार मोजलेला होता आणि तो आकार नंतर जवळजवळ तंतोतंत बरोबर निघाला. पण पृष्ठभागाचं काय? तर दुर्बिणीतून बघितलं की तो दिवसा किती पटकन तापतो आणि रात्री किती पटकन गार होतो, त्यावरून अंदाज आला की बारीक खडी-वाळू असणार, कारण मोठा कातळ असा झटकन तापत-गार होत नाही. त्या हिशोबाने यान बनवलं, ५० मीटर रुंदीची मोकळी जागा मिळेल असं धरलं, खाली जाताना लेझरने उंची मोजत जायचं ठरलं. ३ डिसेंबर २०१८ ला यान पोचलं आणि बघतात तर सगळीकडे दगड, काही तर इमारतीएवढे! नंतर कारण कळलं, ते दगडच इतके सच्छिद्र आहेत की उन्हात वाळूसारखे वागतात. म्हणजे मोजमाप बरोबर होतं, त्यावरून काढलेला अर्थ चुकला.

शेवटी जी जागा निवडली, नाईटिंगेल, तिथला वापरण्यासारखा भाग जेमतेम १६ मीटर रुंद, आणि यान पंखांसकट एखाद्या मोठ्या व्हॅनएवढं. लेझरने एवढ्या अचूक जाणं शक्य नव्हतं. मग कामाला आलं ते बॅकअप म्हणून आधीच टाकून ठेवलेलं सॉफ्टवेअर. यानात बेन्नूवरच्या खुणांचा, म्हणजे दगड, खड्डे वगैरेंचा कॅटलॉग भरला, यान खाली जाताना स्वतः फोटो काढायचं, त्या खुणांशी जुळवायचं आणि आपण नक्की कुठे आहोत ते काढायचं. शिवाय धोक्याच्या जागांचा नकाशा दिलेला होता, ५ मीटर उंचीवर असताना जर वाटलं की धोक्याच्या जागी टेकणार तर स्वतःच परत फिरायचं. कारण पृथ्वीवरून सिग्नल पोचायलाच १८.५ मिनिटं लागत होती, कुणाला विचारणार!

आणि आता पायांचं. २० ऑक्टोबर २०२० ला यान सेकंदाला १० सेंमी अशा वेगाने खाली गेलं, ३.३५ मीटर लांब हाताच्या टोकाची चकती जमिनीला लागली, नायट्रोजनचा झोत सुटला, एकूण सहा सेकंद टेकलं असेल, आणि थ्रस्टर (यान ढकलणारी छोटी इंजिनं) चालू करून ४० सेंमी/सेकंदाने मागे आलं. नंतर डेटा बघितल्यावर कळलं की ती चकती अर्धा मीटर आत घुसली होती. जमिनीने अडवलंच नाही म्हणा ना, कण एकमेकांना इतके सैल लागलेले की थ्रस्टर चालू झाले नसते तर यान आत जातच राहिलं असतं. आता इथे तुझे चार पाय आणि चार स्क्रू डोळ्यासमोर आण. स्क्रू धरणार कशाला?

तेव्हा मैत्रिणीचं बरोबर आहे. पाय काढा, हात लावा, टेकून लगेच निघा.

सांगलीचा_मेक

बापरे, खूपच छान माहिती ताई, ग्रुपवर सगळ्यांना वाचायला टाकली, पाय गेले आता! पण दोन प्रश्न. हारपून मारून दोरीने स्वतःला बांधून घेतलं तर? म्हणजे पाय नाही पण नांगर आहे असं. आणि मॉडेलसाठी तो नायट्रोजनवाला भाग कॉलेजच्या लॅबमधे जमण्यासारखा आहे का, आमच्याकडे कॉम्प्रेसर आहे वर्कशॉपमधे.

शेकर_टेबल

हारपूनचं उत्तर १२ नोव्हेंबर २०१४ ला मिळालेलं आहे. युरोपच्या रोझेटा यानाबरोबर गेलेला फिले हा छोटा लँडर धूमकेतूवर उतरला, तो लघुग्रह नाही पण गुरुत्व तसंच नगण्य, त्याला हारपून होते, वरून खाली दाबून धरायला एक थ्रस्टरही होता. हारपून सुटले नाहीत, थ्रस्टरही चालला नाही, फिले उसळला आणि जवळजवळ दोन तासांनी किलोमीटरभर लांब परत खाली आला, तेही एका कड्याच्या सावलीत, त्यामुळे सोलर पॅनलला ऊनच मिळेना. तरी अडीच दिवस त्याने काम केलं हे त्या टीमचं मोठेपण, पण परत उडायचं असलेल्या यानाला नांगर हे संकट आहे, अडकला तर सोडवणार कोण.

कॉम्प्रेसरचं मात्र जरूर करा. ओसायरिस-रेक्सची ती चकती सुरू कशी झाली माहितीये का, लॉकहीड मार्टिन कंपनीतले जिम हॅरिस यांनी घरासमोरच्या ड्राईव्हवेवर एका प्लास्टिकच्या कपाला भोकं पाडून, तो मातीवर उपडा धरून एअर कॉम्प्रेसरने हवा मारून बघितली आणि खडी भोकांतून वर आली. बस. तिथून पुढे अनेक वर्षं काम करून ते खरं यंत्र झालं. तुम्ही अगदी हेच करू शकता. उपडा डबा, कडेने आत जाळीचं कडं, मधून हवा खाली सोडायची, हवा जमिनीला लागून पसरते आणि कडेने बाहेर पडताना खडी घेऊन जाळीतून जाते, खडी आत अडकते हवा निघून जाते. हलणारे पार्ट जवळजवळ नाहीत, ड्रिलसारखं जाम व्हायला काही नाही, आणि जमिनीला जोर लावायचा नाही. मूळ यंत्रात खालच्या बाजूला स्टीलच्या धाग्यांच्या वेल्क्रोसारख्या २४ गोल चकत्या पण होत्या, गॅस फेल गेला तरी वरवरची धूळ तरी चिकटून यावी म्हणून. आणि नायट्रोजनच्या बाटल्या तीन, म्हणजे तीन वेळा प्रयत्न करता येईल. तुमच्या मॉडेलला वेगवेगळ्या मापाची खडी वापरून किती ग्रॅम येते त्याचे ग्राफ काढा, आणि डबा थोडा तिरका धरला, खाली एक मोठा दगड आला तर काय होतं तेही मोजा कारण तीच खरी परीक्षा. पृथ्वीवर हवा आणि गुरुत्व दोन्ही आहे हे रिपोर्टमधे स्पष्ट लिहा, त्यांनीही पुढे वजनहीन अवस्था देणाऱ्या विमानात नेऊन चाचण्या केल्याच.

आता माझ्या लाईनचं थोडं. मी चाकण भागात टेस्टिंगला आहे, गाड्यांचे पार्ट शेकर टेबलवर हलवून बघतो, त्यामुळे यान बनवणं म्हटलं की मला आधी टेस्टिंग दिसतं. ओसायरिस-रेक्स जोडून झाल्यावर डेन्व्हरजवळच्या कारखान्यात ऑक्टोबर २०१५ पासून पाचेक महिने नुसत्या चाचण्या चालल्या होत्या, रॉकेटच्या आवाजाएवढा आवाज, थरथराट, निर्वात खोलीत गरम-थंड. मे २०१६ मधे विमानाने फ्लोरिडाला आणि ८ सप्टेंबरला उड्डाण. लाँच विंडो फक्त ३४ दिवसांची, ती हुकली असती तर बेन्नू गाठायला बराच काळ थांबावं लागलं असतं. गाडीचा पार्ट उशिरा झाला तर लाँच पुढे ढकलतात, इथे ती सोय नाही, आणि म्हणून डिझाईन "कधीपर्यंत गोठवायचं" हाही डिझाईनचाच भाग आहे. तुमच्या रिपोर्टमधे टेस्ट प्लॅनचं एक प्रकरण नक्की ठेवा.

एवढं करूनही काही गोष्टी निसटतात. २४ सप्टेंबर २०२३ ला कॅप्सूल युटाच्या वाळवंटात आली तेव्हा छोटं पॅराशूट वेळेवर उघडलं नाही, कारण सिग्नलच्या वायरी उलट क्रमाने जोडल्या गेल्या होत्या, छोट्या पॅराशूटची दोरी ते पिशवीत असतानाच कापली गेली. नशीब मोठं पॅराशूट इतकं मजबूत बनवलेलं की त्याने जास्तीचा वेग पेलला आणि कॅप्सूल नीट उतरली. त्याच वाळवंटात २००४ मधे जेनेसिस यानाची कॅप्सूल थेट जमिनीवर आपटलेली, कारण ब्रेक ओळखणारे सेन्सर उलटे बसवलेले होते. म्हणून ड्रॉईंगमधे बाण, दिशा, कनेक्टरचा नंबर, आणि कनेक्टर उलटा बसूच नये असा आकार, हे सगळं पहिल्या दिवसापासून. एक्सटर्नलला हे सांगितलंत तर तो खूश होईल याची मला खात्री आहे.

होकायंत्र

सगळे नासाबद्दलच बोलताय, जपानला विसरू नका हो. विद्यार्थ्यांनी शिकायचं तर हायाबुसा आणि हायाबुसा-२ या त्यांच्या यानांवरून शिकावं असं माझं ठाम मत आहे कारण वजन कमी, पैसे कमी, आणि प्रत्येक गोष्टीला दुसरा मार्ग आधीच विचार करून ठेवलेला.

ओसायरिस-रेक्स इंधन भरून २११० किलो, रिकामं ८८०, म्हणजे निम्म्याहून जास्त इंधनच. हायाबुसा-२ सगळं मिळून ६०० किलोच्या आसपास, त्यात झेनॉन वायू ६६ किलो, कारण त्याला आयन इंजिनं. एका इंजिनाचा जोर १० मिलीन्यूटन, म्हणजे तळहातावर कागदाचा छोटा तुकडा ठेवावा तेवढा, पण हजारो तास चालतं आणि साध्या रॉकेटपेक्षा दहापट कमी वायूत तेवढाच वेग देतं. तुमच्या प्रोजेक्टमधे रासायनिक की आयन हा निर्णय पायांपेक्षाही मोठा आहे, कारण त्यावर सोलर पॅनलचा आकार ठरतो, टाक्या ठरतात, प्रवासाचा काळ ठरतो.

पहिल्या हायाबुसाची गोष्ट तर प्रत्येक इंजिनिअरिंगच्या पोराने वाचावी. २००३ ला निघालं, इटोकावा लघुग्रहावर २००५ ला, तीनपैकी दोन रिअॅक्शन व्हील (यानाची दिशा सांभाळणारी चाकं) गेली, इंधन गळलं, काही आठवडे संपर्कच तुटला. परत येताना नोव्हेंबर २००९ मधे इंजिनं अशी बंद पडली की घरी येणं अशक्य. आयन इंजिनाचे दोन भाग असतात, एक आयन बाहेर फेकतो, दुसरा इलेक्ट्रॉन सोडून यानावरचा विद्युतभार समतोल ठेवतो. एका इंजिनाचा पहिला भाग धड, दुसऱ्या इंजिनाचा दुसरा भाग धड. दोन्ही इंजिनं वेगळी, पण बनवताना सर्किटमधे एक जास्तीचा डायोड टाकून ठेवलेला होता, असं कधी लागलं तर म्हणून. त्या डायोडमुळे दोन अर्धवट इंजिनांचं मिळून एक चालतं इंजिन झालं आणि १३ जून २०१० ला कॅप्सूल ऑस्ट्रेलियात वूमेराला उतरली. एका डायोडचं वजन किती असतं सांगा!

हायाबुसा-२ ला रयुगू लघुग्रहावर तोच धक्का बसला जो नासाला बेन्नूवर, १०० मीटर रुंद सपाट जागा मिळेल असं धरलेलं, मिळाली सुमारे ६ मीटरची. त्या यानाला खाली एक मीटर लांबीचं नळकांडं आहे, ते टेकलं की ५ ग्रॅमची टँटलमची गोळी सेकंदाला ३०० मीटरने जमिनीत मारायची आणि उडालेले तुकडे नळकांड्यातून वर. म्हणजे एक मीटरपेक्षा जवळ यान जातं, अर्धा-पाऊण मीटर उंच दगड असला तरी पोटाला लागेल. त्यांनी ऑक्टोबर २०१८ चं टेकणं पुढे ढकललं, चार महिने अभ्यास केला आणि २२ फेब्रुवारी २०१९ ला ठरलेल्या जागेपासून एका मीटरवर टेकलं, ३४ कोटी किलोमीटर लांब!

हे जमलं कशामुळे तर टार्गेट मार्करमुळे. दहा सेंटीमीटरचा गोळा, वर प्रकाश परत फेकणारा कापडासारखा थर. यान वरून फ्लॅश मारतं, गोळा चमकतो, आणि यानाला कळतं मी कुठे आहे. पण एवढ्या कमी गुरुत्वात टाकलेला गोळा उसळून भलतीकडे जाणार, मग तो न उसळणारा कसा करायचा? उत्तर सापडलं जपानी मुलींच्या ओतेदामा या खेळात, आपले सागरगोटे असतात ना तसाच, फक्त दाणे भरलेल्या छोट्या पिशव्या झेलायच्या. पिशवी टाकली की आतले दाणे एकमेकांवर घासतात, उसळी तिथेच मरते. तसे बारीक मणी या गोळ्यात भरले. असे पाच गोळे यानात होते. तुमच्या मॉडेलच्या जोडीला हाही प्रयोग करा, खर्च काही नाही, एक भरीव चेंडू आणि एक मणी भरलेला, एकाच उंचीवरून टाका आणि मोबाईलवर स्लो मोशनमधे शूट करा.

आणि खोलवरची माती पाहिजेच असेल तर त्यासाठीही ड्रिल नाही लागत. त्यांनी ५ एप्रिल २०१९ ला २ किलो तांब्याचा गोळा सेकंदाला २ किलोमीटरने रयुगूवर मारला, स्वतः यान लघुग्रहाच्या मागे जाऊन लपलं, १० मीटरहून मोठा खड्डा झाला आणि ११ जुलैला त्याच्या जवळ टेकून आतून उडालेला माल गोळा केला.

कृत्तिका

होकायंत्र, छान लिहिलंत, डायोडचं तर फारच. पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. हायाबुसा-२ ने ५.४ ग्रॅम आणले, ओसायरिस-रेक्सने १२१.६ ग्रॅम, ६० ग्रॅमची अट असताना. कोणतं श्रेष्ठ हा प्रश्नच नाही, आधी ठरवायचं की माती कशासाठी पाहिजे आणि किती पाहिजे. प्रयोगशाळांना किती ग्रॅम लागतील तिथून उलटं येत येत यान ठरतं.

@सांगलीचा_मेक, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं, कारण "असाच का" चं उत्तर तिथून सुरू होतं. ओसायरिस-रेक्सला सेंद्रिय रेणू शोधायचे होते, अमिनो आम्लं वगैरे. मग यान बनवणाऱ्या माणसांचंच अमिनो आम्ल मातीत मिसळलं तर काय उपयोग? त्यामुळे बांधणीच्या खोलीत नायलॉनवर बंदी, थ्रस्टरसाठी अतिशुद्ध हायड्रॅझिन इंधन, थ्रस्टर असे तिरपे बसवलेले की झोत नमुन्याच्या जागेवर येऊ नये. आणि यानाबरोबर साक्षीदार म्हणून छोट्या पट्ट्या पाठवल्या, त्यांच्यावर काय काय बसलं ते तपासून नंतर सांगता यावं की हे बेन्नूचं आणि हे आपलं. म्हणजे विज्ञानाच्या एका प्रश्नामुळे हातमोज्यापासून इंधनापर्यंत सगळं बदललं. २००४ पासून या कल्पनेचे प्रस्ताव जात होते, नाकारले गेले, २०११ मधे मंजूर झालं आणि त्याच वर्षी मूळ प्रमुख मायकेल ड्रेक वारले, मग दांते लॉरेटा यांनी पुढे नेलं. एवढी वर्षं प्रश्न तोच राहिला म्हणून यान भरकटलं नाही असं मला वाटतं.

सांगलीचा_मेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं आत्ताचं ठरलंय असं, पाय नाहीत, लांब हात आणि हवेची चकती, मॉडेल कॉम्प्रेसरवर, सोबत होकायंत्र काकांचा मण्यांचा गोळा. कार्बनवाला लघुग्रह, निदान ५० ग्रॅम. आता वजनाचा तक्ता करायला बसलोय, प्रत्येक पार्टला राखीव किती धरायचं? आणि चकतीचं झाकण नक्की कसं करावं?

शेकर_टेबल

एवढ्या सुरुवातीच्या टप्प्यावर एकूण वजनात ३०% राखीव धरा, कमी नको. आधी बनून उडालेला पार्ट घेतलात तर त्याला कमी राखीव चालेल, पण तुमची चकती नवीन आहे, तिला जास्तच लागेल.

झाकणाबद्दल, ओसायरिस-रेक्सच्या चकतीला आत जायच्या तोंडाशी मायलरची (पातळ प्लास्टिकची) लवचिक पट्टी होती, आत जाताना उघडते, मग स्वतः मिटते. पण आत एवढा माल गेला की काही दगड त्या पट्टीतच अडकले, फट राहिली आणि बारीक कण बाहेर उडायला लागले. नमुन्याचं वजन मोजायला हात पसरून यान गोल फिरवायचं ठरलं होतं, ते रद्द केलं आणि काही दिवसांत चकती कॅप्सूलमधे ठेवून बंद केली. तेव्हा मॉडेलमधे मुद्दाम पट्टीच्या मापाचेच खडे टाका, पट्टी किती वेळा अर्धवट उघडी राहते ते लिहून ठेवा, मग पट्टीची रुंदी आणि जाडी बदलून परत करा. आणि चकती कॅप्सूलमधे पटकन कशी जाईल, मधे कशाला न अडकता, त्याचं ड्रॉईंग झाकणाच्या आधी काढा.